ग्लिटर नेलपॉलिश : छोट्या उत्पादकाची नवी बाटली घेताना, लावताना आणि काढताना

दिवाळीपासून लग्नसराईपर्यंतच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्या उभ्या असतात. याच दिवसांत पुसद, वणी, दिग्रस, दारव्हा, पांढरकवडा अशा गावांत ऑनलाइन मागवलेल्या हौसेच्या वस्तूंची पार्सलंही येत असतात. एखाद्या पार्सलमधून तीन-चार छोट्या बाटल्या निघतात. त्यांत रंगीत, चमचमणारं, हलवलं की तारे फिरावेत तसं काहीतरी असतं. ही असते एखाद्या छोट्या, स्वतंत्र उत्पादकाने थोड्या थोड्या प्रमाणात बनवलेली ग्लिटर नेलपॉलिश.

या दोन दृश्यांचं एक नातं आहे. नखावर वाळून काचेसारखा होणारा थर ज्या पदार्थाचा असतो, तो कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूंपासून बनतो. आणि तो पेट घेणाराही असतो. म्हणून नेलपॉलिशची निवड फक्त रंग बघून करायची नसते. अशी बाटली घेताना काय बघावं, पहिल्यांदा कशी लावावी, कशी काढावी, आणि ती घरी बनवून विकता येते का, ते या लेखात पाहू.

नेलपॉलिशच्या बाटलीत काय असतं?

साध्या नेलपॉलिशमध्ये पाच प्रकारचे घटक असतात.

पहिला, थर तयार करणारा पदार्थ. बहुतेक सगळ्या नेलपॉलिशमध्ये तो नायट्रोसेल्युलोज असतो. दुसरा, त्या थराला नखाशी घट्ट धरून ठेवणारी आणि चमक देणारी रेझिन. तिसरा, थर तडकू नये म्हणून त्याला लवचीक ठेवणारा पदार्थ, म्हणजे प्लास्टिसायझर. चौथा, या सगळ्याला पातळ ठेवणारे द्रव, म्हणजे इथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट. नेलपॉलिशचा तो ओळखीचा वास यांचाच असतो. पाचवा, रंग आणि चमक.

नेलपॉलिश लावल्यावर वाळते म्हणजे त्यातले द्रव उडून जातात आणि उरलेला थर नखावर बसतो. पार्लरमध्ये दिव्याखाली पक्की केली जाणारी जेल पॉलिश वेगळी. तिच्यात प्रकाशाने रासायनिक क्रिया होऊन थर घट्ट होतो. या लेखात आपण हवेत वाळणाऱ्या साध्या नेलपॉलिशबद्दलच बोलत आहोत.

कापूस बाटलीत कसा पोचतो?

जिनिंगमध्ये कापसाची रुई आणि सरकी वेगळी होते. १०० किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, उरते ती बहुतांश सरकी. या सरकीला बारीक, आखूड तंतू चिकटलेले राहतात. त्यांना लिंटर म्हणतात. सुतासाठी त्यांचा उपयोग नसतो, पण त्यांच्यात जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतं. जिथे सरकीवरून लिंटर काढण्याची यंत्रणा असते तिथून तो रासायनिक कारखान्यांकडे जातो. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की त्याचं नायट्रोसेल्युलोज होतं. हेच काम लाकडाच्या लगद्यापासूनही करतात.

या पदार्थाचा शोध लावला तो ख्रिश्चन शोनबाइन या जर्मन-स्विस रसायनशास्त्रज्ञाने, १८४६च्या सुमारास, स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे. सांडलेलं आम्ल त्याने सुती एप्रनने पुसलं, तो वाळायला ठेवला आणि एप्रन क्षणात जळून गेला, असा किस्सा सांगतात. किस्सा खरा असो वा नसो, नायट्रोसेल्युलोजचा पहिला मोठा उपयोग बंदुकीच्या दारूसाठी झाला हे नक्की. दारूसाठीच्या प्रकारात नायट्रोजनचं प्रमाण जास्त असतं, नेलपॉलिशसाठीच्या प्रकारात कमी.

१९२०च्या दशकात अमेरिकेत मोटारगाड्यांना नायट्रोसेल्युलोजचे झटपट वाळणारे रंग दिले जाऊ लागले. आजची नेलपॉलिश ही त्या मोटारीच्या रंगाचीच धाकटी बहीण. १९३२मध्ये सुरू झालेल्या रेव्हलॉन कंपनीने नखांसाठी दाट, अपारदर्शक रंग बाजारात आणले. भारतात टाटांनी १९५२मध्ये लॅक्मे सुरू केली.

म्हणजे पऱ्हाटीच्या बोंडापासून नखापर्यंतचा रस्ता लांब असला तरी खरा आहे. तुमच्या हातातल्या बाटलीतलं नायट्रोसेल्युलोज कापसाचं की लाकडाचं, हे मात्र लेबलवरून कळत नाही.

ग्लिटर म्हणजे नेमकं काय?

ग्लिटर म्हणजे बारीक कापलेली चमकदार फिल्म. बहुतेक ग्लिटरमध्ये पीईटी या प्लास्टिकची पातळ फिल्म असते. पाण्याची बाटली बनते तेच हे प्लास्टिक. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो आणि वरून रंगाचा. ही फिल्म यंत्राने षटकोनी तुकड्यांत कापतात, कारण षटकोन एकमेकांना चिकटून बसतात आणि फिल्म वाया जात नाही. यंत्राने ग्लिटर कापण्याची सुरुवात अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये हेन्री रुशमन यांनी १९३४मध्ये केली, असं मानलं जातं.

बाटलीवर किंवा जाहिरातीत जे शब्द दिसतात त्यांचा अर्थ असा :

ग्लिटर : डोळ्यांना वेगवेगळे दिसणारे तुकडे. षटकोन, तारे, चंद्रकोर, पट्ट्या अशा आकारांत.

शिमर : तुकडे वेगळे दिसत नाहीत, फक्त आतून चमक येते. यात बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडचा मुलामा दिलेली अभ्रकाची पूड असते.

होलोग्राफिक : उन्हात इंद्रधनुष्याचे रंग दिसतात. फिल्मवरच्या अतिसूक्ष्म रेघांमुळे प्रकाशाचे रंग वेगळे होतात.

मल्टिक्रोम : हात फिरवला की रंग बदलतो. हिरव्याचा जांभळा, जांभळ्याचा तांबूस.

फ्लेकी : वेड्यावाकड्या आकाराचे, अगदी पातळ पापुद्रे.

मॅग्नेटिक : यात लोहाचे कण असतात. ओल्या थराजवळ चुंबक धरला की रेघ किंवा गोल उमटतो.

अभ्रकाबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. झारखंडमधला कोडरमा आणि गिरिडीह हा परिसर अभ्रकासाठी जुना प्रसिद्ध आहे. तिथल्या बेकायदा खाणींत मुलं काम करतात, हे वर्षानुवर्षे उघड झालेलं आहे. काही उत्पादक त्यामुळे प्रयोगशाळेत बनवलेलं कृत्रिम अभ्रक वापरतात. लेबलवर ते ‘सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट’ या नावाने लिहिलेलं असतं.

छोट्या उत्पादकांची नेलपॉलिश वेगळी कशी?

२०१०नंतर अमेरिकेत काही हौशी मंडळींनी स्वतः मिश्रणं करून ती ऑनलाइन विकायला सुरुवात केली. मोठ्या कंपन्या लाखो बाटल्या खपतील असे रंग काढतात. या मंडळींनी उलट केलं. एका बाटलीत चार आकारांचं ग्लिटर, थोडे फ्लेकी, थोडं शिमर, आणि तेही मोजक्याच बाटल्या. यालाच ‘इंडी’ नेलपॉलिश म्हणू लागले. पुढे यातून बऱ्यापैकी मोठे ब्रँडही उभे राहिले. कॅनडातल्या एका लोकप्रिय यूट्यूबरने २०१९मध्ये सुरू केलेला होलो टॅको हे त्याचं एक उदाहरण.

बहुतेक छोटे उत्पादक नायट्रोसेल्युलोजपासून सगळं स्वतः बनवत नाहीत. ते तयार ‘सस्पेन्शन बेस’ विकत घेतात आणि त्यात आपल्या पसंतीचं ग्लिटर व रंग मिसळतात. या बेसमध्ये विशिष्ट प्रक्रिया केलेली माती असते. ती मिश्रणाला स्थिर असताना घट्ट आणि हलवल्यावर पातळ ठेवते. बाटलीतला टोमॅटो सॉस जसा झटका दिल्यावर वाहू लागतो, तसंच हे. त्यामुळे ग्लिटर तळाशी बसत नाही. बाटलीत खुळखुळणाऱ्या स्टीलच्या छोट्या गोळ्या मिसळायला मदत करतात.

म्हणून छोट्या उत्पादकाचं कौशल्य तीन गोष्टींत कळतं. ग्लिटर तरंगतं की तळाशी जातं? ते द्रवात टिकतं की विरघळून रंग सोडतं? आणि ब्रशवर पुरेसं येतं की नुसता पारदर्शक द्रव येतो? शुभेच्छापत्रांसाठी मिळणारं स्टेशनरीच्या दुकानातलं ग्लिटर नेलपॉलिशच्या द्रवात टिकत नाही. काही आठवड्यांत त्याचा रंग उतरतो, तुकडे चंदेरी किंवा पारदर्शक होतात, वळतात. नेलपॉलिशसाठी द्रवात न विरघळणारं खास ग्लिटर लागतं आणि ते महाग असतं. स्वस्त बाटलीत बहुधा इथेच काटकसर झालेली असते.

लेबलवर काय वाचावं?

भारतात सौंदर्यप्रसाधनांना औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू आहेत. महाराष्ट्रात उत्पादनाचा परवाना अन्न व औषध प्रशासन देतं. सौंदर्यप्रसाधनं फक्त विकायला या कायद्याखाली वेगळा परवाना लागत नाही, पण ती बनवायला लागतो. म्हणून वस्तू एखाद्या दुकानात किंवा मोठ्या ऑनलाइन बाजारात दिसते, एवढ्यावरून ती परवानाधारक जागेत बनली असं धरून चालता येत नाही. ते लेबलवरच बघावं लागतं.

बाटलीवर किंवा तिच्या खोक्यावर या गोष्टी असायला हव्यात :

१. वस्तूचं नाव, आणि उत्पादकाचं नाव व पत्ता.
२. उत्पादन परवाना क्रमांक. बहुधा तो ‘एम’ या अक्षरापुढे छापलेला असतो.
३. बॅच क्रमांक. तो ‘बी’ या अक्षरापुढे असतो.
४. कधीपर्यंत वापरावी ती तारीख.
५. किती मिलिलिटर, आणि कमाल किरकोळ किंमत.
६. धोक्याची सूचना. नेलपॉलिशच्या बाबतीत, ज्वलनशील असल्याची.

परदेशातून आलेल्या बाटलीवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि आयात नोंदणी क्रमांक असतो. नुसतं इन्स्टाग्रामवरचं नाव, एक सुंदर स्टिकर आणि मोबाइल नंबर एवढंच असेल, तर ती बाटली कोणी, कुठे, कशातून बनवली हे शोधायला तुमच्याकडे काहीच उरत नाही. नखाभोवती पुरळ आलं तर डॉक्टरांना दाखवायलाही काही नसतं.

घटकांच्या यादीबद्दल एक मेख आहे. लहान पॅकवर ती छापण्यातून सूट आहे आणि नेलपॉलिशच्या बाटल्या साधारण ८ ते १२ मिलिलिटरच्या असतात. तरीही चांगले छोटे उत्पादक ही यादी खोक्यावर किंवा आपल्या विक्रीच्या पानावर देतात. यादी मागितल्यावर जो देतो, त्याच्याकडून घ्यावं. नेलपॉलिशसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ९२४५ हे मानक आहे. रंगद्रव्यांत शिसं दहा लाखात २० भागांपेक्षा आणि आर्सेनिक २ भागांपेक्षा जास्त नको, अशी मर्यादा भारतीय नियमांत आहे.

‘फाइव्ह-फ्री’, ‘टेन-फ्री’ म्हणजे काय?

टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट हे तीन पदार्थ नेलपॉलिशमध्ये नकोत, अशी मागणी आधी पुढे आली. ते नसलेली नेलपॉलिश ‘थ्री-फ्री’. पुढे यादी वाढत गेली आणि ‘फाइव्ह’, ‘टेन’, ‘फिफ्टीन’ असे आकडे आले. या आकड्यांची कायद्यात ठरलेली व्याख्या नाही. दोन कंपन्यांच्या ‘टेन-फ्री’ याद्या वेगवेगळ्या असू शकतात.

शिवाय दावा आणि वास्तव यांत अंतर असू शकतं. २०१२मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या विषारी पदार्थ नियंत्रण विभागाने बाजारातली नखांची २५ उत्पादनं तपासली. टोल्युइन नसल्याचा दावा करणाऱ्या १२ उत्पादनांपैकी १० मध्ये ते सापडलं.

डायब्युटाइल थॅलेटच्या जागी काही कंपन्यांनी ट्रायफिनाइल फॉस्फेट वापरायला सुरुवात केली. ड्यूक विद्यापीठ आणि एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप यांनी २०१५मध्ये २६ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात नेलपॉलिश लावल्यावर १० ते १४ तासांनी लघवीतला या पदार्थाचा अंश जवळपास सातपट झालेला आढळला. एवढ्याने आजार होतो असं सिद्ध होत नाही, पण नखावर लावलेलं शरीरात पोचू शकतं हे त्यातून कळलं. म्हणून ‘किती फ्री’ हा आकडा बघण्यापेक्षा घटकांची प्रत्यक्ष यादी बघणं जास्त उपयोगी.

पार्सल आल्यावर आधी काय करावं?

ज्वलनशील द्रव विमानाने पाठवण्यावर बंधनं असतात. त्यामुळे जबाबदार उत्पादक नेलपॉलिश रस्त्याने किंवा रेल्वेने पाठवतात आणि पार्सलला चार दिवस जास्त लागतात. या उशिराबद्दल त्याच्यावर नाराज होऊ नये.

बाटली हातात आली की उजेडात धरा. वर पारदर्शक द्रवाचा थोडा पट्टा आला असेल तर घाबरू नका. बाटली दोन तळहातांत धरून घुसळल्यासारखी फिरवा. जोरजोरात हलवली तर बुडबुडे होतात. फिरवूनही ग्लिटर गोळा होऊन तळाशीच राहिलं, द्रवाला ग्लिटरचाच रंग चढलेला दिसला, किंवा तुकडे वळलेले दिसले, तर बेस किंवा ग्लिटर यांत दोष आहे. फोटो काढून लगेच उत्पादकाला कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. परवान्याबद्दल शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे जावं.

त्यानंतर एकाच नखावर लावून बघा आणि दोन दिवस थांबा. नेलपॉलिशमधल्या रेझिनची अ‍ॅलर्जी असेल तर पुरळ बऱ्याचदा बोटांवर येत नाही. ते पापण्यांवर, मानेवर किंवा गालावर येतं, कारण आपला हात दिवसभर तिथे लागत असतो. कारण कळत नाही म्हणून अनेक जणी चेहऱ्याची क्रीम बदलत राहतात. पापण्या खाजत असतील तर डॉक्टरांना नेलपॉलिशबद्दल आवर्जून सांगा.

लावायची कशी?

नख कोरडं आणि तेल नसलेलं हवं. आधी बेस कोट लावा. ग्लिटर काढणं अवघड असतं, म्हणून पहिल्या चाचणीसाठी सोलून निघणारा पील-ऑफ बेस सोयीचा.

ग्लिटर दाट नसेल तर ब्रश फिरवण्याऐवजी ब्रशचं टोक नखावर टेकवत, टिपत टिपत लावा. ब्रश ओढला तर तुकडे कडेला गोळा होतात. दुसरी पद्धत मेकअपच्या स्पंजाची. स्पंज द्रव शोषून घेतो आणि ग्लिटर नखावर दाट बसतं. किंवा जुळत्या साध्या रंगाचा एक थर आधी द्या आणि त्यावर ग्लिटरचा एकच थर. बाटलीतलं महागडं ग्लिटर त्यामुळे पुरतंही जास्त दिवस.

दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा बरे. शेवटी वरचा पारदर्शक थर, म्हणजे टॉप कोट, लावा. ग्लिटर खडबडीत असतं म्हणून टॉप कोट दोनदा द्यावा लागतो. तो दिला नाही तर ओढणी, साडीचा काठ, केस सगळं नखात अडकतं.

विदर्भातल्या उन्हाळ्याचा इथे संबंध येतो. यवतमाळात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर असतो. एवढ्या उष्णतेत आणि कूलरच्या झोतात वरचा पापुद्रा आधी वाळतो, खालचे द्रव अडकतात आणि बुडबुडे येतात. अशा दिवसांत सकाळी लवकर किंवा रात्री, पंखा हळू करून, पण खिडकी उघडी ठेवून लावावं. बाटली उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नये. द्रव उडाल्याने ती घट्ट होते. घट्ट झाली तर त्यात रिमूव्हर घालू नका, त्याने बेस बिघडतो. नेलपॉलिश थिनर या नावाने मिळणाऱ्या द्रवाचे दोन-तीन थेंब पुरतात.

नखांना ‘श्वास’ घेऊ द्यावा म्हणून मध्ये खंड घ्यावा, असं नेहमी सांगितलं जातं. नख हा मृत पेशींचा थर आहे, तो श्वास घेत नाही. त्याच्या मुळाला ऑक्सिजन रक्तातून मिळतो. पण सतत लावल्याने आणि काढल्याने नख कोरडं पडतं, म्हणून मधूनमधून मोकळं ठेवून खोबरेल तेल लावणं चांगलंच.

काढायची कशी?

ग्लिटर नेलपॉलिशने होणारं बहुतेक नुकसान लावताना होत नाही, काढताना होतं. खरवडून काढली की ग्लिटरसोबत नखाचे पापुद्रेही निघतात. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. पूर्ण नवं नख यायला चार ते सहा महिने लागतात. पाच मिनिटांच्या घाईची किंमत एवढी मोठी आहे.

योग्य पद्धत अशी. कापसाचा छोटा बोळा अ‍ॅसिटोन असलेल्या रिमूव्हरमध्ये भिजवा. तो नखावर ठेवा आणि वरून स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. दहा मिनिटं थांबा. मग बोळा दाबून एकाच दिशेने ओढून काढा. ग्लिटर त्याबरोबर येतं. उरलं तर पुन्हा बोळा ठेवा, नखाने खरवडू नका. नंतर हात धुऊन तेल किंवा क्रीम लावा.

कोणी आणि कुठे जपावं?

आगीपासून सगळ्यांनीच. इथाइल अ‍ॅसिटेटची वाफ शून्य अंशाखालच्या तापमानातही पेट घेऊ शकते. अ‍ॅसिटोनचंही तसंच. म्हणून गॅस, चूल, देवापुढचा दिवा, उदबत्ती किंवा सिगारेट जवळ असताना नेलपॉलिश लावू नये आणि काढूही नये. दिवाळीच्या पणत्यांजवळ तर नकोच. भिजलेले बोळे चुलीत टाकू नयेत.

शस्त्रक्रियेआधी किंवा प्रसूतीला दवाखान्यात जाताना किमान दोन-तीन बोटांची नखं मोकळी ठेवावीत. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नखातून प्रकाश पाठवून मोजतो. गडद किंवा ग्लिटरच्या थरामुळे आकडा चुकू शकतो. नखाचा फिकटपणा किंवा निळेपणा पाहणंही डॉक्टरांना गरजेचं असतं. ग्लिटर घाईत निघत नाही, म्हणून नववा महिना लागला की ते न लावलेलंच बरं.

लहान मुलं बोटं तोंडात घालतात, म्हणून त्यांना ग्लिटर नको. रिमूव्हरची बाटली तर त्यांच्या हाताला लागू नये अशीच ठेवावी. भाकरीचं पीठ मळणाऱ्या, डबे करून देणाऱ्या बायकांनीही कामाच्या दिवसांत ग्लिटर टाळावं. टॉप कोट झिजला की तुकडे सुटतात आणि ते अन्नात गेलेले कळत नाहीत.

घरी बनवून विकता येईल का?

हा प्रश्न अनेक तरुणींच्या आणि बचत गटांच्या मनात येतो. तयार बेस मिळतो, ग्लिटर मिळतं, बाटल्या मिळतात. मग स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मिसळून का विकू नये?

कायद्याच्या भाषेत तयार बेसमध्ये ग्लिटर मिसळणं हेसुद्धा उत्पादनच आहे. मोठ्या डब्यातून छोट्या बाटल्यांत भरून लेबल लावणं हेही उत्पादनच. परवान्याशिवाय विक्रीसाठी असं करणं हा कायद्याचा भंग आहे. आणि नेलपॉलिशच्या जागेसाठीच्या अटी इतर बऱ्याच प्रसाधनांपेक्षा कडक आहेत. किमान १५ चौरस मीटर जागा, आगीला न जुमानणाऱ्या भिंती, छत आणि दारं, बाहेरच्या बाजूला उघडणारे दरवाजे, ठिणगी न पडणारे विजेचे दिवे, मुख्य स्विच खोलीबाहेर, अग्निशामक आणि वाळूच्या बादल्या. त्या जागेत राहणं, स्वयंपाक करणं आणि धूम्रपान यांना मनाई आहे. तसंच रसायनशास्त्राची किंवा फार्मसीची ठरावीक पात्रता असलेली व्यक्ती देखरेखीला लागते.

या अटी लहान उद्योजकाला अडवायला घातलेल्या नाहीत. पाच लिटर बेसचा डबा म्हणजे पाच लिटर ज्वलनशील लाखच असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोचते. घरात मूल झोपलेलं असताना, शेजारी गॅस चालू असताना हे काम करणं म्हणजे नकळत मोठा धोका पत्करणं.

मग रस्ता काय? नियमांत ‘लोन लायसन्स’ची सोय आहे. त्यात तुमचा परवाना तुमच्या नावावर असतो, पण माल दुसऱ्या परवानाधारकाच्या कारखान्यात तयार होतो. रंगांची निवड, ग्लिटरचं मिश्रण, नाव, विक्री हे तुमचं. द्रव हाताळणं सुसज्ज जागेत. भांडवल कमी असलेल्यांसाठी हा मार्ग सुरक्षित आहे. अर्ज करण्याआधी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन सध्याच्या अटी आणि शुल्क विचारून घ्यावं.

ग्राहकाच्या बाजूने हेच उलट वाचता येतं. परवाना क्रमांक छापणाऱ्या छोट्या उत्पादकाने हा सगळा खर्च केलेला असतो. त्याची बाटली थोडी महाग असते, ती बहुधा त्यामुळेच.

काढलेल्या ग्लिटरचं काय होतं?

नखावरचा नायट्रोसेल्युलोज मूळचा वनस्पतीचा असला तरी ग्लिटर प्लास्टिकचं आहे. ते कुजत नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान असल्याने ते सूक्ष्म प्लास्टिक, म्हणजे मायक्रोप्लास्टिक या गटात येतं. युरोपीय संघाने १७ ऑक्टोबर २०२३पासून सुट्या प्लास्टिक ग्लिटरच्या विक्रीवर बंदी आणली. नखांच्या आणि ओठांच्या प्रसाधनांना मात्र २०३५पर्यंत मुदत दिली आहे. वनस्पतिजन्य सेल्युलोजच्या फिल्मचं ग्लिटरही आता मिळतं, पण नेलपॉलिशच्या द्रवात टिकेल असं बनवणं अवघड आहे.

तोपर्यंत आपल्या हातात एवढं आहे : नखं बेसिनमध्ये धरून ग्लिटर धुऊन काढू नये. बोळ्यावर आलेलं ग्लिटर बोळ्यासकट, आतला द्रव उघड्यावर पूर्ण उडून गेल्यावर, सुक्या कचऱ्यात टाकावं. उरलेली बाटली नालीत ओतू नये. आणि दहा बाटल्या घेऊन नऊ कपाटात वाळवण्यापेक्षा दोन चांगल्या घेऊन त्या संपवाव्यात.

लक्षात ठेवायच्या गोष्टी

बाटली निवडताना आधी परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख, मग घटकांची यादी, आणि मग रंग. पहिली चाचणी एका नखावर, दोन दिवस. लावताना आणि काढताना आग दूर, खिडकी उघडी. काढताना फॉइल आणि दहा मिनिटांचा धीर. दवाखान्यात जायचं असेल तर नखं मोकळी.

एवढं पाळलं तर छोट्या उत्पादकाची नवी बाटली उघडण्यातली मजा जराही कमी होत नाही. ती चमक सगळ्यांना दिसते. तिच्या खालचा, कापसासारख्या तंतूंपासून आलेला आणि पेट घेणारा थर मात्र ज्याला माहीत असतो त्यालाच दिसतो.